अर्धी गाडी ओबनला गेली

“खिडकीशी तुम्ही बसा,” मी म्हणाले.

“नको जी. तुम्हीच बसा,” विहीणबाई म्हणाल्या.

“बरं,” म्हणून मी बसले.

विहीणबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे पाहिलं, आणि माझ्या जावयाच्या जाड जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून माझ्या शेजारी कडेला बसल्या. नऊवार सुटून सहावारी आली तरी बाईंचा थाट वरमाईचाच. पायांत त्याचेच पांढरे बूट, त्यात पायमोजे, वर इरकल साडी. सकाळचे सव्वाआठ वाजले होते, आणि ग्लासगो स्टेशनातून गाडी हलायच्या आतच आमचं बोलणं बंद झालं होतं. का, ते मला कळलं नाही. मी आपली बाहेर बघत बसले.

नऊ वर्षं झाली या गोष्टीला. माझी वृषाली आणि तिचा नवरा प्रफुल्ल तेव्हा ग्लासगोत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचे. बाळ नऊ महिन्यांचं झालं, वृषालीची नोकरी पुन्हा सुरू व्हायची वेळ आली, आणि पाळणाघरात जागा मिळायला अजून चार महिने होते. वृषालीनं मला फोन केला, “आई, ये.” त्याच आठवड्यात प्रफुल्लनं अमरावतीला फोन केला, “आई, ये.” नवराबायको एका घरात राहून एकमेकांशी काय बोलतात देव जाणे. दोघी आज्या आठ दिवसांच्या अंतरानं येऊन धडकलो आणि बैठकीच्या खोलीत एकाच सोफ्याच्या पलंगावर झोपायला लागलो. त्या घोरतात. त्यांचं म्हणणं मी घोरते.

पंधरा दिवस कसेबसे गेले. बाळाला तेल कोणतं लावायचं इथपासून वाद. मी खोबरेल आणलेलं, त्यांनी तिळाचं. सकाळी त्या चोळायच्या, संध्याकाळी मी, आणि पोरगी दिवसभर हातातून निसटायची. शेवटी प्रफुल्लनं स्पष्ट सांगितलं, “चार महिने कोणीतरी एकच राहू शकेल. कोण, ते आम्ही नाही ठरवणार. तुम्ही दोघी एक दिवस डोंगर बघायला जा, समुद्राकाठी जेवा, आणि संध्याकाळी येऊन सांगा.” ओबन नावाच्या गावाची जातायेताची दोन तिकिटं त्यानं आईच्या हातात दिली. बायकोच्या आईच्या हातात दिली नाहीत, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

मला राहायचंच होतं. कारण सांगते. मी कराडच्या एस.टी. स्टँडवर तीस वर्षं चौकशीच्या खिडकीत काढली. वृषालीनं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा मी माइकवर पाटण-चिपळूण गाडी फलाट क्रमांक चारला लागल्याचं सांगत होते. घरी आले तर शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं, चालली की आज तुझी लेक!” मी म्हणाले, “पुन्हा चालवून दाखवा.” पोरगी झोपली होती. ते पाऊल माझं राहिलं ते राहिलंच. आता तिची लेक टेबलाला धरून उभी राहत होती. आज ना उद्या हात सोडणार होती. या वेळी मला तिथं असायचं होतं, बस, एवढंच.

तसं पाहिलं तर प्रश्न सुटलेलाच होता. मी पोचल्यावर पाचव्या दिवशी चहा घेताना विहीणबाई आपण होऊन म्हणाल्या होत्या, “शालनताई, तुम्हीच राहा. मी जातो परत.” वऱ्हाडात बायकाही ‘जातो-येतो’ म्हणतात, ते मला लग्नात कळलं होतं. मी म्हणाले, “बरं.” आणि बशीतला चहा संपवला. विषय मिटला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाई उठल्या त्या तोंड फिरवूनच, आणि “मी कुठंच जात नाही, माह्या मुलाचं घर आहे,” म्हणायला लागल्या. आता अशा माणसाशी काय बोलणार?

शहर मागं पडलं. डाव्या हाताला खाडीचं पाणी आलं, मग डोंगर आले, मग एक लांबलचक तळं गाडीच्या बरोबरीनं धावायला लागलं. काठाला कसलीशी पिवळी फुलं, आणि जिकडं बघावं तिकडं मेंढ्या. मेंढपाळ मात्र एकही नाही. मेंढ्यांना इथं कोण सांभाळतं हा प्रश्न मला पडला होता, पण विचारणार कुणाला?

“बोलायचं का आता?” मी शेवटी म्हणाले.

“बोला ना जी.”

“मला राहायचंय. मला तिचं पहिलं पाऊल बघायचंय. तुम्हाला प्रफुल्लचं बघायला मिळालं, मला वृषालीचं नाही मिळालं. आता तुम्ही बोला.”

माझं असंच असतं. चौकशीच्या खिडकीत माणूस विचारतो, मी उत्तर देते. एकदाच. दुसऱ्यांदा तेच विचारलं तर मी पंख्याकडे बघते.

विहीणबाई म्हणाल्या, “मी तं म्हटलंच होतं त्या दिवशी, मी जातो म्हणून. तुम्ही काय म्हणाल्या?”

“मी बरं म्हणाले.”

“हां,” त्या म्हणाल्या. “बरं म्हणाल्या.”

“मग?”

“मंग काय? काही नाही.”

“अहो, पण मग दुसऱ्या दिवशी तुम्हीच फिरलात!”

“मी फिरलो? मी फिरणारी बाई नाही. आणि मी म्हणतो, काहून जाऊ? तुम्ही आंघोळ घातली का लेकरू ठणाणा रडते.”

“ती तुमच्या तिळाच्या तेलानं रडते. घाणीतून काढल्यासारखा वास येतो पोरीला!”

समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्या गोऱ्या बाईनं विणकाम थांबवलं. भाषा कळत नसली तरी दोन विहिणींचं भांडण जगात कुणालाही कळावं.

मी उठले. “मी मागच्या डब्यात बसते. ओबनला उतरल्यावर भेटू.”

“जा ना जी. पाय आहेत तुम्हाले.”

मी तडक निघाले. एक डबा, दुसरा डबा, मधला तो हलता जोड, असं करत अगदी मागच्या डब्यात जाऊन खिडकीशी बसले. बसल्यावर ध्यानात आलं की विहीणबाईंची पिशवी माझ्याच खांद्याला आहे. मुलीच्या आईनं वरमाईची पिशवी वाहायची, ही लग्नापासूनची सवय. सकाळी जिना उतरताना ती मी घेतली ती घेतलीच. जुन्या लुगड्याची शिवलेली, आत एकावर एक कप्पे बसणारा दोन ताळी डबा, पाण्याची बाटली आणि काय काय. परत नेऊन द्यावी म्हणून अर्धवट उठले. मग म्हटलं, येतील की लागली तर. पाय आहेत त्यांनाही.

पुढं एका स्टेशनावर गाडी बराच वेळ थांबली. पाटीवर क्रियनलॅरिक असं काहीतरी होतं. कर्ण्यातून एका बाईनं लांबलचक काहीतरी सांगितलं. मला त्यातलं ‘ओबन’ कळलं आणि ‘फ्रंट’ कळलं. काही माणसं घाईघाईनं उतरून फलाटावरून पुढच्या डब्यांकडे पळत सुटली. मला हसू आलं. तीस वर्षं मी हेच बघितलं होतं. गाडी सुटायच्या वेळी माणसांना उगाच पळायची सवय असते. नीट ऐकायचं नाही आणि पळायचं. मी शांत बसून राहिले. गाडीला एक हिसका बसला, थोड्या वेळानं आम्ही निघालो.

दहा मिनिटांनी गार्ड आला. डोक्याला टोपी, दंडावर निळं गोंदण, छातीवर ‘कॅलम’ नावाची पट्टी. “टिकेट, प्लीज.”

“टिकेट विथ विहीणबाई,” मी म्हणाले. मग सुधारलं, “फ्रंट. माय डॉटर्स हजबंड्स मदर.” इंग्रजीत या नात्याला शब्दच नाही. त्यामुळंच बहुतेक त्यांच्याकडं लग्नं सुखासुखी पार पडतात.

“फ्रंट?” तो म्हणाला आणि गंभीर झाला. “यू गोइंग टू ओबन?”

“ओबन.”

त्यानं टोपी काढून टकलावरून हात फिरवला. मग काहीतरी समजावायला लागला. त्याचं इंग्रजी मला कळेना, माझं त्याला. त्यानं इकडंतिकडं बघितलं, माझ्या मांडीवरच्या पिशवीतून डबा डोकावत होता तो “मे आय?” म्हणून उचलला आणि टेबलावर ठेवला. डब्याची कडी वर केली. वरचं ताळं उचललं आणि डावीकडं ढकललं. “ओबन.” खालचं उजवीकडं ढकललं. “फोर्ट विल्यम.” मग खालच्या ताळ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “यू.”

मी डब्याकडं बघत बसले. गाडीचे मधूनच दोन तुकडे होतात, आणि अर्धी एकीकडं, अर्धी दुसरीकडं जाते! आमच्या स्टँडवर असं काही झालं असतं तर लोकांनी काचा फोडल्या असत्या. आणि मी, जिनं तीस वर्षं अख्ख्या तालुक्याला कुठल्या गाडीत बसायचं ते सांगितलं, ती चुकीच्या गाडीत बसले होते. तेही बिनतिकीट. नोकरीत असते तर माझं तोंड मीच बघितलं नसतं.

तेवढ्यात दुसरं ध्यानात आलं. वरच्या ताळ्यात तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या, खालच्यात लसणाची चटणी आणि दही. विहीणबाईंना साखरेचा त्रास. सकाळी सातला गोळी घेतली की दहा-साडेदहाला पोटात काहीतरी जायलाच हवं, नाहीतर डोळ्यांपुढं अंधारी येते. एकदा आमच्यासमोरच झालं होतं. आणि आता दहा वाजून गेले होते. त्यांचं खाणं माझ्यापुढं टेबलावर होतं आणि त्या समुद्राकडं चालल्या होत्या.

“शी इज शुगर!” मी ओरडले. “फूड हिअर! शी देअर! नो फूड!”

हे मात्र कॅलमला लगेच कळलं. पुढच्या स्टेशनावर गाडी थांबताच तो फलाटावर उतरून फोन लावायला लागला. पुढच्या गाडीच्या गार्डाला.

त्याच क्षणी पिशवीत फोन वाजला. प्रफुल्लनं आईला दिलेला जुना फोन. मी हात घातला. रुमाल, चष्म्याचं घर, गोळ्यांची पट्टी, आणि त्याखाली कसलासा प्लास्टिकचा कागद बाजूला करून फोन काढला.

“हॅलो आई, काय ठरलं मग?” प्रफुल्लचा आवाज.

“मी बोलतीय. वृषालीची आई.”

“अरे वा! एकमेकींचे फोन उचलायला लागलात! आई कुठंय?”

“त्या... समुद्राकडं बघत असतील.” हे खोटं नव्हतं.

“मजा चाललीय ना?”

“हो. खूपच मोकळं मोकळं वाटतंय.” एवढं म्हणून मी फोन ठेवला.

ठेवताना तो प्लास्टिकचा कागद हातात आला. आत विमानाचं तिकीट. ग्लासगो ते मुंबई, मालती इंगोले, येत्या शुक्रवारची तारीख. वर छापलेला काढल्याचा दिवसही होता. मी ‘बरं’ म्हणाले होते त्याच्या दुसऱ्याच दिवशी अमरावतीच्या एजंटानं काढून पाठवलेलं. म्हणजे बाई जाणारच होत्या! गेले दहा दिवस तेलावरून, घोरण्यावरून, आंघोळीवरून माझ्याशी भांडत होत्या आणि पिशवीत परतीचं तिकीट घेऊन हिंडत होत्या!

खरं सांगायचं तर मला आधी आनंदच झाला. मी जिंकले होते. पाऊल माझं होतं. पण मग कोडं पडलं. जायचंच होतं तर भांडायचं कशाला?

कॅलम परत आला. त्यानं सावकाश, दोनदा, हातवारे करून सांगितल्यावर मला कळलं ते असं : विहीणबाई सुखरूप आहेत. मला पुढं रॅनॉकला उतरायचं, तिथून परतीची गाडी पकडायची. विहीणबाईंना त्यांचा गार्ड ओबनहून परतीच्या गाडीत बसवून देईल. येताना त्या दोन्ही गाड्या पुन्हा क्रियनलॅरिकलाच जोडल्या जातात. त्यानं डब्याचं वरचं ताळं खालच्यावर ठेवलं, कडी खटकन बसवली आणि हसला.

“फूड?” मी विचारलं.

त्याचं हसू गेलं. तिथल्या गार्डानं विहीणबाईंना सँडविच देऊ केलं. बिस्किटं देऊ केली. समोरच्या विणकामवाल्या बाईनं केक देऊ केला. सगळ्यांना त्या ‘नो’ म्हणाल्या. काहीच खायला तयार नाही.

“किती वेळा विचारलं?” मी विचारलं. “हाऊ मेनी टाइम्स आस्क?”

तो बुचकळ्यात पडला. “वन्स. शी सेड नो.”

एकदा. ती नाही म्हणाली. आणि त्यानं बरं म्हणून सँडविच मागं घेतलं.

मी त्या खिडकीशी बसले होते आणि माझे कान तापले. चहाची बशी, पाचवा दिवस. ‘तुम्हीच राहा, मी जातो परत.’ ‘बरं.’ आज सकाळची खिडकी. ‘नको जी, तुम्हीच बसा.’ ‘बरं.’ अहो, लग्नात याच बाईंनी मी तीन वेळा नाही म्हटलं तरी माझ्या पानात चौथी पुरणपोळी वाढली होती. त्यांच्याकडं पहिलं ‘नको’ म्हणजे नुसतं दार वाजवणं असतं. आग्रह झाला की मग माणूस खरं काय ते बोलतो. बाईंना जायचंही असेल, पण ‘अहो, असं कसं, राहा’ असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हणाले नव्हते. वृषाली म्हणाली नव्हती. पोटचा मुलगाही म्हणाला नव्हता, तो इथं राहून इथलाच झाला होता. म्हणून बाईंनी रात्रीतून तिकीट काढलं आणि दिवसा भांडत बसल्या, की आता तरी कुणी राहा म्हणेल.

“कॉल अगेन,” मी कॅलमला म्हणाले. “टेल हिम. आस्क थ्री टाइम्स.”

“थ्री?”

मी तीन बोटं वर केली. “फर्स्ट, शी सेज नो. सेकंड, शी सेज नो. थर्ड, शी ईट्स.”

कॅलमनं माझ्याकडं बघितलं. गाडी सुटायची वेळ झाली होती. पण त्यानं फोन लावला, आणि त्याच्या त्या अगम्य इंग्रजीत मला ‘थ्री टाइम्स’ स्वच्छ ऐकू आलं.

मग तो माळ लागला. घर नाही, झाड नाही, तपकिरी दलदल आणि काळ्या पाण्याची डबकी, क्षितिजापर्यंत. आमच्याकडचं सडावाघापूरचं पठार पावसाळ्यात दिसतं तसं, फक्त शंभर पटीनं मोठं. रॅनॉकला मी एकटी उतरले. तासभर फलाटावर बसले. भूक लागली होती, डबा मांडीवर होता, पण पुरीला हात लावला नाही. ज्या बाईनं पहाटे उठून लाटल्या, ती उपाशी असताना माझ्या घशाखाली उतरली नसती. एक हरीण रुळाशेजारी येऊन माझ्याकडं बराच वेळ बघत उभं राहिलं. “फलाट क्रमांक एक,” मी त्याला सांगितलं. ते गेलं.

क्रियनलॅरिकला माझी गाडी आधी पोचली. मी उतरून उभी राहिले. थोड्या वेळानं मागून दुसरी आली, हळूहळू जवळ आली, आणि आमच्या गाडीला येऊन खटकन चिकटली. दार उघडलं आणि विहीणबाई बुटांतून उतरल्या. हातात दोन्ही तिकिटं झेंड्यासारखी वर धरलेली.

“बिनतिकिटाच्या फिरल्या ना जी!” त्या लांबूनच ओरडल्या.

“खाल्लंत का काही?” मी विचारलं.

“खाल्लं तं! शालनताई, काय सांगू तुम्हाले! तो गार्ड आला, सँडविच घ्या म्हणे. मी नको म्हटलं. तो गेला ना बाप्पा! मले वाटलं, झालं, आता पडतो मी इथंच. थोड्या वेळानं परत आला. घ्या म्हणे. मी नको म्हटलं. जागचा हलला नाही. पुन्हा म्हणे, घ्या. मंग काय करतो, घेतलं. परक्या मुलखातला माणूस, पण किती रीतीचा! आपल्यातल्यांनी शिकावं.”

“खरंय,” मी म्हणाले.

आम्ही एका बाकावर बसलो. मी डबा उघडला. त्यांनी एक पुरी घेतली, मी चार. गाडी तळ्याकाठी आली तसं मी मन घट्ट केलं. घट्ट म्हणजे काय, पिशवीत शुक्रवारचं तिकीट आहे हे मला ठाऊक होतं. आग्रहाला काही लागत नव्हतं. वाढप्याला माहीत असतं की हा आता खाणार नाही, तेव्हा तो जास्त जोरात लाडू पुढं करतो, तसं माझं.

“विहीणबाई, तुम्ही राहा.”

त्या चमकल्या. “नाही जी. तुम्हाले पाऊल पाहाचं आहे ना.”

“असू दे. तुम्ही राहा.”

“घर बंद आहे तिकडं. हे गेल्यापासून तिथं मले कोणी ये म्हणत नाही आणि जा म्हणत नाही. पण घर ते घर. जातो मी.”

हे ऐकून मला गलबलून आलं. त्यानंतरचं मी तिकिटाच्या जोरावर बोलले की मनापासून, ते आजही सांगता येत नाही. मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, “तुम्हाला बाळाची शपथ आहे. राहा.”

विहीणबाईंनी बाहेर बघितलं. मग चटणीचं बोट पुसलं आणि म्हणाल्या, “बरं. एवढं म्हणता तं राहतो.”

‘अहो, पण तुमचं शुक्रवारचं तिकीट!’ असं ओठांवर आलं होतं. पण ते बोलायचं तर दुसऱ्याची पिशवी उचकली हे कबूल करायला हवं. मी ग्लासगो येईपर्यंत पुऱ्या संपवल्या.

घरी सगळ्यांना आनंद झाला. माझं तिकीट निघालं. पुढच्या रविवारी विमानतळावर वृषाली रडली, मी रडले, बाळ कुणाच्या तरी सुटकेसकडं बघून हसलं. शेवटी विहीणबाई पुढं आल्या, माझी पिशवी त्यांनी आपल्या खांद्याला अडकवली होती.

“एक सांगतो,” त्या हळूच म्हणाल्या. “तो गार्ड ना जी, बोटं मोजून विचारत होता. एक, दोन, तीन. इथं कोणी असं विचारत नाही. मले तिथंच समजलं हे कोणाचं काम आहे.”

पिशवी घ्यायला मी हात पुढं केला.

“आणि तिकीट मी पिशवीत चष्म्याच्या खाली ठेवलं होतं. पिशवी परत आली तं वर होतं.”

“मग तुम्हाला ठाऊक होतं की मी...”

“फुकटचा आग्रह करून राहिल्या म्हणून? होतं ना.” त्या हसल्या. मग त्यांचे डोळे भरले. “पण हात धरला ना तुम्ही, तो फुकटचा नव्हता. म्हणून बरं म्हटलं. नसतं म्हटलं तं उभा जन्म मले वाटलं असतं, कोणी राहा म्हटलंच नाही.”

मी विमानात बसले. अबूधाबीपर्यंत त्यांच्यावर रागावले होते. पुढं राग राहिला नाही.

दोन महिने गेले. कराडात एका दुपारी मी आणि हे जेवायला बसत होतो तर लॅपटॉप वाजायला लागला. पडद्यावर विहीणबाईंचं अर्धं कपाळ.

“शालनताई, बसा लवकर! काल संध्याकाळपासून पोट्टी हात सोडून उठून राहिली आणि मी धरून बसवून राहिलो. वृषाली ओरडते माह्यावर. मी म्हटलं, कराडची आजी पाहात नाही तोपर्यंत चालायचं नाही म्हणजे नाही.”

मी खरकट्या हातानंच बसले. पडद्यात बाळ टेबलाला धरून उभं होतं. विहीणबाई समोर जमिनीवर बसल्या, दोन्ही हात पसरले. “ये वो माय.” बाळ जागचं हललं नाही. “ये ना.” बाळानं मान हलवली. “ये ना वो, सोन्या.” बाळानं टेबल सोडलं, एक पाय उचलला, आणि नेट अडकलं.

पडद्यावर तो पाय तसाच हवेत. ह्यांनी लॅपटॉपला चापट मारली, वायर हलवली. पलीकडून आरडाओरडा आणि टाळ्या तेवढ्या ऐकू येत होत्या. चित्र सुरू झालं तेव्हा बाळ विहीणबाईंच्या मांडीत होतं.

“दिसलं का जी?”

“दिसलं,” मी म्हणाले. त्यांनी आदल्या संध्याकाळपासून पोर धरून ठेवली होती. दुसरं काय म्हणणार?

“नीट दिसलं?”

“हो, नीट दिसलं.”

त्यांनी पडद्याजवळ तोंड आणलं. “खरं दिसलं?”

मी नुसती मान हलवली. नाही.

विहीणबाई उठल्या. बाळाला उचललं, टेबलापाशी नेलं, तिचे दोन्ही हात कडेला नीट लावून दिले, आणि परत येऊन जमिनीवर बसल्या.

“चल वो माय,” त्या म्हणाल्या. “पुन्हा पहिल्यानं चाल.”